पावसाळा लागला की नमुन्यांत सीझियम-१३४ का दिसू लागते?

पर्यावरणीय नमुन्यांची गॅमा तपासणी करणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांत एक तक्रार दरवर्षी, बहुधा मृगाच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, नव्याने उभी राहते. मेअखेरपर्यंत ज्या जागेचे गवत, माती आणि शेळ्यांच्या लेंड्या स्वच्छ निघत होत्या, त्याच जागेचे नमुने सोडियम आयोडाइडच्या मापकावर (गॅमा किरण टिपणाऱ्या स्फटिकावर) लावले की संगणकाच्या अहवालात सीझियम-१३४, म्हणजे अणुभट्टीत तयार होणारे किरणोत्सारी सीझियम, छापून येते. त्याचे दीर्घायुषी भावंड सीझियम-१३७ मात्र त्याच अहवालात शोधमर्यादेच्या खाली असते. नमुना पुन्हा लावला तर कधी आकडा निम्म्यावर येतो, कधी महिनाभराने तो उलट वाढलेला दिसतो. मग मापक बिघडला, त्याच्याभोवतीची शिशाची पेटी दूषित झाली, बीकर नीट धुतले गेले नाही, असे तर्क सुरू होतात आणि दुरुस्तीवाल्याला फोन जातो. माझ्या कामाच्या ठिकाणी हे सलग तीन पावसाळे घडले आहे, म्हणून त्याची कारणे आणि ती पारखण्याची रीत येथे सविस्तर लिहीत आहे.

उत्तर आधीच सांगतो. असे दिसणारे सीझियम-१३४ जवळजवळ नेहमी सीझियम नसतेच. ते बिस्मथ-२१४ असते, म्हणजे युरेनियमच्या नैसर्गिक साखळीत रेडियम आणि रेडॉन यांच्या पुढे येणारे अल्पायुषी अपत्य. सीझियम-१३४ ची सर्वांत ठळक गॅमा रेषा ६०४.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे (पुढे केईव्ही म्हणतो), तर बिस्मथ-२१४ ची ६०९.३ वर. दोहोंत अंतर साडेचार केईव्हीचे. जर्मेनियमच्या शोधकाला या ऊर्जेला दीड केईव्हीच्या आसपासचे पृथक्करण (म्हणजे शिखराची रुंदी; ती जितकी कमी तितक्या जवळच्या रेषा वेगळ्या दिसतात) असते, त्यामुळे त्याच्या वर्णपटात ही दोन शिखरे वेगळी उभी राहतात. सोडियम आयोडाइडचे पृथक्करण ६६२ केईव्हीला साधारण सात टक्के, म्हणजे सुमारे ४६ केईव्ही असते. एवढ्या रुंद शिखराला साडेचार केईव्हीचा फरक कळण्याची काही सोय नाही. लॅन्थॅनम ब्रोमाइडचा महागडा शोधक घेऊनही हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याचे तीन टक्के म्हणजेही वीस केईव्ही होतात; हे मी मुद्दाम लिहितो, कारण या तक्रारीवर उपाय म्हणून तो विकत घेण्याचे प्रस्ताव मी पाहिले आहेत.

आता आकड्यांकडे पाहू. साध्या शेतजमिनीत रेडियम-२२६ किलोला ३० बेकरेलच्या (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल) आसपास असणे अगदी सामान्य आहे. बिस्मथ-२१४ च्या शंभर विघटनांत ६०९ ची रेषा सुमारे ४५ वेळा निघते, सीझियम-१३४ ची ६०५ ची रेषा सुमारे ९८ वेळा. तेव्हा ज्या संगणकीय ग्रंथालयात (कोणती रेषा कोणाची, याच्या यादीत) बिस्मथची नोंदच नाही, ते ग्रंथालय या ३० बेकरेल रेडियमचे भाषांतर १४ बेकरेल सीझियम-१३४ असे करील. या शिखराच्या डाव्या कडेला थोरियम साखळीतील थॅलियम-२०८ ची ५८३ केईव्हीची रेषा असते आणि तीही या रुंद डोंगरात आपली भर घालते. जपानने १ एप्रिल २०१२ पासून सामान्य अन्नासाठी किरणोत्सारी सीझियमची मर्यादा किलोला १०० बेकरेल आणि दुधासाठी ५० बेकरेल ठेवली आहे. त्या मापाने पाहिले तर हे खोटे १४ बेकरेल दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

मापक उघडण्याआधी अहवालाकडे एकदा नीट पाहावे, कारण निम्मे उत्तर तिथेच असते. सीझियम-१३४ एकटे येत नाही. विखंडनातून १३४ वस्तुमानाची जी साखळी निघते ती झेनॉन-१३४ या स्थिर समस्थानिकावर थांबते, सीझियमपर्यंत पोहोचतच नाही. सीझियम-१३४ तयार होते ते अणुभट्टीत साठलेल्या स्थिर सीझियम-१३३ ने न्यूट्रॉन पकडल्यामुळे. म्हणून अणुचाचण्यांच्या धुळीत ते नगण्य असते आणि आपल्याकडच्या मातीत १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांचे जे थोडे सीझियम-१३७ सापडते, त्याच्या सोबतीला ते नसते. अणुभट्टीतून बाहेर पडले तर मात्र ते सीझियम-१३७ ला सोबत घेऊनच पडते: चेर्नोबिलच्या वेळी, १९८६ मध्ये, हे प्रमाण साधारण एकास दोन होते आणि फुकुशिमाच्या वेळी, मार्च २०११ मध्ये, जवळपास एकास एक. त्यानंतर सीझियम-१३४ चे अर्धायुष्य (निम्मे उरण्याचा काळ) दोन वर्षांहून किंचित अधिक आणि सीझियम-१३७ चे तीस वर्षे, त्यामुळे प्रमाण झपाट्याने उतरत जाते. फुकुशिमाच्या मातीत मार्च २०२१ पर्यंत ते साडेचार टक्क्यांच्या आत आले आणि मार्च २०२५ मध्ये सव्वा टक्का राहिले. ज्या अहवालात सीझियम-१३४ आहे आणि सीझियम-१३७ नाही, किंवा पहिले दुसऱ्यापेक्षा जास्त आहे, तो अहवाल भौतिकशास्त्राच्या विरोधात बोलत असतो. प्रयोगशाळेत अंशांकनासाठी सीझियम-१३४ चा स्रोत हाताळला जात असेल तेवढाच अपवाद समजावा, आणि तो तपासणे दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी परीक्षाही बसल्या जागी होते. सीझियम-१३४ ची आणखी एक जोरकस रेषा ७९५.९ केईव्हीवर आहे, शंभरात सुमारे ८५ वेळा निघणारी. सीझियम खरे असेल तर ६०५ वरून काढलेली सक्रियता आणि ७९६ वरून काढलेली सक्रियता अनिश्चिततेच्या आत एकसारखी आली पाहिजे. वरच्या उदाहरणातील साध्या मातीत ६०५ वरून १४ बेकरेल किंवा अधिक येतील, पण ७९६ वरून जेमतेम दोन-तीन, कारण त्या जागी थोरियम साखळीतल्या ॲक्टिनियम-२२८ ची ७९५ केईव्हीची एक क्षीण रेषा आणि बिस्मथच्या ७६८ रेषेची कड एवढेच सापडते. बरीच तयार सॉफ्टवेअरे दोन्ही रेषांची सरासरी काढून एकच आकडा देतात आणि नेमका हा पुरावा झाकून टाकतात. म्हणून प्रत्येक रेषेचा निकाल वेगळा छापण्याची सोय शोधून ती कायम चालू ठेवावी. एक सावधगिरी मात्र हवी. केरळच्या चवरा-नींदकरा किनाऱ्यासारख्या मोनाझाइटच्या वाळूत थोरियम इतके असते की ॲक्टिनियमची ती क्षीण रेषाही भरभक्कम होते, आणि मग दोन्ही जागी खोटे सीझियम दिसते. तिथे ९११ आणि ९६९ केईव्हीच्या ॲक्टिनियमच्या रेषा पाहिल्याशिवाय काहीही बोलू नये.

पावसाचा संबंध इथून सुरू होतो. जमिनीतून निघालेला रेडॉन हवेत विरतो, त्याची शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही अपत्ये धूलिकणांना चिकटून तरंगत राहतात आणि पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. उन्हाळाभर तापलेल्या हवेनंतरचा पहिला जोरदार पाऊस गवतावर नुसते पाणी टाकत नाही.

एका जूनमध्ये सकाळी साडेनऊला मी पावसात कापलेले गवत प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणले. पात्यांवर पाणी तसेच होते, पिशवीच्या तळाशी दोन बोटे पाणी साचले होते. अहवाल लवकर हवा म्हणून ते चिरून, दाबून, एक लिटरच्या मॅरिनेली बीकरमध्ये (शोधकावर टोपीसारखा बसणाऱ्या भांड्यात) भरले आणि अकराच्या आत मापकावर लावले. तासाभराच्या मोजणीत ६०५ जवळ इतके सुबक शिखर उभे राहिले की मी वरिष्ठांना बोलावून आणले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तोच बीकर न हलवता दुपारी तीनला पुन्हा मोजायला सांगितला. तीनला तिथे शिखर नव्हते. शिसे-२१४ चे अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटे आणि बिस्मथ-२१४ चे २० मिनिटे, त्यामुळे पावसाने आणलेला हा साठा चार तासांत जेमतेम एक टक्का उरतो. दोन वर्षांच्या अर्धायुष्याचे सीझियम जेवणाच्या सुट्टीत नाहीसे होत नाही. त्या दिवसापासून पावसात गोळा केलेला कोणताही नमुना आम्ही चार तास बाजूला ठेवल्याशिवाय लावत नाही. थोरियम साखळीतल्या शिसे-२१२ आणि त्यामागून येणाऱ्या थॅलियम-२०८ चा अडथळा नको असेल तर तीन दिवस थांबावे लागते, कारण शिसे-२१२ चे अर्धायुष्य साडेदहा तासांचे आहे. अशा गवतात ४७८ केईव्हीजवळ बेरिलियम-७ चेही शिखर असते. तेही वातावरणातून पावसानेच उतरलेले असते, पण ५३ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे टिकून राहते आणि नमुना पावसात भिजला होता याची साक्ष देते.

आकडा कमी होण्याची ही गोष्ट झाली. वाढण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मातीच्या नमुन्यांत घडते. माती वाळवताना, कुटताना आणि चाळताना तिच्यातला रेडॉन बराचसा निसटतो. ती बीकरमध्ये भरून झाकणाला टेप लावून बंद केली की ३.८ दिवसांच्या अर्धायुष्याने तो पुन्हा भरत जातो आणि तीन आठवड्यांत रेडियमशी समतोलाला येतो. पहिल्या दिवशी मोजलेली आणि महिन्याने फेरतपासणीला काढलेली तीच माती त्यामुळे वेगवेगळा आकडा देते. बंद डब्यात सीझियम वाढू शकत नाही. वाढणारा आकडा दिसला की साखळीतले अपत्य ओळखावे. मातीचे नमुने एकतर भरल्याबरोबर मोजावेत किंवा सर्वच्या सर्व २१ दिवस ठेवून मोजावेत. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की वर्षाअखेरीच्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

तिसरे कारण प्रयोगशाळेच्या खोलीतच असते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, पावसाळ्यात बंद. बंद खोलीत रेडॉन साठतो आणि शिशाच्या पेटीतल्या पोकळीत तोच जाऊन बसतो. बॅकग्राउंड (नमुना नसतानाची गणना) मात्र मे महिन्यात एकदा घेतलेले असते आणि ते जुलैच्या नमुन्यातून वजा केले जाते. वजाबाकीनंतर जे उरते ते खोलीतले बिस्मथ असते, पण नाव लागते नमुन्याचे. शिवाय बॅकग्राउंड रिकाम्या पेटीत घेतले तर तेही चुकीचेच, कारण एक लिटरचा भरलेला बीकर पेटीतली तेवढी हवा बाहेर ढकलतो आणि बाहेरून येणारे किरणही काही प्रमाणात अडवतो. त्यासाठी तसाच बीकर शुद्ध पाण्याने भरून, नमुन्याइतक्याच उंचीवर ठेवून, नमुन्याच्या आधी आणि नंतर मोजावा. शनिवार-रविवार मापक मोकळा असतो, तेव्हा चोवीस तासांचे किंवा त्याहून लांब बॅकग्राउंड सहज होते. जर्मेनियमच्या शोधकाजवळ द्रव नायट्रोजनचे पिंप असतेच. त्यातून उकळून निघणारा वायू नळीने पेटीत सोडला की रेडॉन बाहेर लोटला जातो. सोडियम आयोडाइडवाल्यांनी निदान पेटीचे झाकण घट्ट बसते की नाही ते पाहावे आणि दरवाजा उघडून खोलीची हवा खेळती ठेवावी.

याच दिवसांत वीज जाते, वातानुकूलन बंद पडते आणि खोलीचे तापमान पाच-सहा अंशांनी हलते. सोडियम आयोडाइडचा प्रकाश आणि तो विद्युतसंकेतात वाढवणाऱ्या प्रकाशगुणकाचा लाभ, दोन्ही तापमानाबरोबर सरकतात, आणि एक टक्का सरकणे म्हणजे ६६० केईव्हीला साडेसहा केईव्ही. ६०९ चे शिखर ६०५ वर नेमके येऊन बसायला एवढे पुरते. प्रत्येक मोजणीआधी पोटॅशियम-४० ची १४६०.८ केईव्हीची रेषा जागेवर आहे का, हे पाहावे. ती बहुतेक नमुन्यांत आपोआपच असते.

पोटॅशियमवरून एक चाचणी सुचवतो, जी मला सर्वांत उपयोगी वाटते. रसायनांच्या दुकानातून एक किलो शुद्ध पोटॅशियम क्लोराइड आणावे, बीकर भरावा आणि नमुन्याप्रमाणे मोजावा. त्यात सुमारे ५२४ ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे जवळपास १६,००० बेकरेल पोटॅशियम-४० असते आणि सीझियम अजिबात नसते. त्याच्या विखुरलेल्या गॅमांचा पसारा १२४० केईव्हीपासून खाली सगळीकडे पसरतो आणि ६०५, ६६२, ७९६ या तिन्ही जागांखालून जातो. संगणकाने या मिठात सीझियम दाखवले तर पार्श्वरेषा वजा करण्याची त्याची पद्धत सदोष आहे, आणि मांस, लाकडाची राख, शेणाच्या गोवऱ्यांची राख अशा पोटॅशियमयुक्त नमुन्यांत तो हमखास चुकणार आहे. मांसात किलोला शंभर बेकरेलच्या आसपास पोटॅशियम-४० नैसर्गिकपणेच असते, हे येथे लक्षात घ्यावे. त्याच रीतीने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे आरजीयू-१ आणि आरजीटीएच-१ हे युरेनियम व थोरियमचे संदर्भ नमुने मोजावेत. आरजीयू-१ मध्ये किलोला सुमारे ४९४० बेकरेल युरेनियम-२३८ असून त्याची साखळी समतोलात असते. या भुकटीला संगणक किती सीझियम-१३४ म्हणतो, तो आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा असतो.

दुरुस्तीही याच भुकटीवरून निघते. तिच्यात ६०५ च्या खिडकीत आलेली निव्वळ गणना आणि बिस्मथच्याच १७६४.५ केईव्हीच्या शिखरातली निव्वळ गणना यांचे गुणोत्तर काढावे. १७६४ च्या आसपास दुसरे काही फारसे नसल्याने ते सोडियम आयोडाइडवरही स्वच्छ दिसते. मग प्रत्येक नमुन्यातील १७६४ ची गणना त्या गुणोत्तराने गुणून ६०५ च्या खिडकीतून वजा करावी. थोरियमसाठी हेच आरजीटीएच-१ आणि ९११ च्या रेषेवरून करावे. त्याहून बरे म्हणजे ग्रंथालयात बिस्मथ-२१४, शिसे-२१४, ॲक्टिनियम-२२८ आणि थॅलियम-२०८ यांची नोंद करून संपूर्ण वर्णपट एकत्र बसवावा. अन्नतपासणीच्या तयार संचांत ग्रंथालय फक्त आयोडीन-१३१, सीझियम-१३४, सीझियम-१३७ आणि पोटॅशियम-४० एवढेच असल्याचे मी पाहिले आहे. अशा संचापुढे बिस्मथ आले तर त्याला चारांपैकी एका नावाने हाक मारण्याशिवाय संचापुढे पर्यायच नसतो.

जनावरांच्या नमुन्यांत हाच घोटाळा वेगळ्या नावाने होतो. आयोडीन-१३१ वर नजर ठेवण्यासाठी शेळीची थायरॉइड ग्रंथी तपासतात, कारण शेळी मोठ्या क्षेत्रावर चरते आणि तिने खाल्लेले आयोडीन त्या चिमुकल्या ग्रंथीत एकवटते. आयोडीनची रेषा ३६४.५ केईव्हीवर, शिसे-२१४ ची ३५१.९ वर, सोडियम आयोडाइडला यांतही फरक कळत नाही. ग्रंथी काही ग्रॅमांचीच असते, तेव्हा शोधकाला दिसणाऱ्या गॅमांत नमुन्यापेक्षा खोलीतील रेडॉनचाच वाटा मोठा असतो. इथे वेळच निवाडा करते: चार तासांत गेले तर पावसाचे किंवा हवेचे शिसे, आठ दिवसांनी निम्मे झाले तर आयोडीन, आणि अजिबात हलले नाही तर बॅकग्राउंड. आठ दिवसांनी निम्मे झाले तरी लगेच अणुभट्टीकडे बोट दाखवू नये, कारण थायरॉइडच्या उपचारांत आयोडीन-१३१ रुग्णांना देतात आणि ते सांडपाण्यातून बाहेर येते. शेळ्या कुठल्या नाल्याकाठी चरत होत्या, हे आधी विचारावे.

लेंड्या आणि पोटातल्या चाऱ्याबद्दल एवढेच सांगतो की शेळी गवताबरोबर माती खाते, आणि पावसाळ्यात चिखलाने माखलेले गवत खाल्ल्यावर ती अधिक खाते. त्यामुळे लेंड्यांत बिस्मथ आणि ॲक्टिनियम दिसणे स्वाभाविकच आहे. मांसात ते दिसले, ९११ ची रेषा उमटली, तर कापताना माती लागली असे समजून नमुना धुऊन पुन्हा लावावा.

या सगळ्याचा अर्थ सीझियम-१३४ दिसले की खोटेच मानावे, असा मुळीच नाही. अणुभट्टीजवळच्या नमुन्यात सीझियम-१३७ बरोबर ते आले, ६०५ आणि ७९६ जुळले, चार तास आणि चार दिवस थांबूनही आकडा जागचा हलला नाही, तर एक मिनिटही न दवडता नमुना जर्मेनियमच्या शोधकावर पाठवून वरिष्ठांना कळवावे. उलट बाजूनेही एक सापळा आहे. सीझियम-१३७ फार असेल तर त्याच्या ६६२ च्या शिखराची डावी कड ६०५ मध्ये सांडते आणि तेवढ्यानेही खोटे सीझियम-१३४ उभे राहते. बव्हेरियातील रानडुकरांच्या मांसात आजही किलोला ६०० बेकरेलच्या मर्यादेपलीकडचे सीझियम-१३७ सापडते, कारण ती डुकरे जमिनीखालची सीझियम साठवणारी हरिणकवके उकरून खातात. पण १९८६ चे सीझियम-१३४ आता जवळजवळ पूर्णपणे विघटित झालेले आहे. अशा मांसाच्या अहवालात ते आले तर ७९६ ची रिकामी जागा पाहून ते खोडता येते.

आकडा एकदा प्रयोगशाळेबाहेर गेला की तो परत घेणे कठीण असते. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्यावरून मुंबईत उभा राहिलेला वाद १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तिथे सारा भर किती बेकरेल आणि ते किती सुरक्षित, यावरच होता. म्हणून जुन्या अहवालांचेही पाहावे लागते. आमच्याकडे वर्णपटाच्या मूळ फाइली जपलेल्या होत्या, त्यामुळे तीन पावसाळ्यांचे सर्व वर्णपट नव्या ग्रंथालयाने पुन्हा बसवता आले. ज्या अहवालांतील सीझियम-१३४ टिकले नाही, त्यांची सुधारित प्रत कारणासह संबंधितांना पाठवली. त्यासोबत नमुना गोळा केल्याची वेळ, तेव्हा पाऊस होता की नव्हता, मोजणी सुरू केल्याची वेळ आणि वापरलेल्या बॅकग्राउंडची तारीख, असे चार नवे रकाने नोंदवहीत वाढवले. या जूनमध्ये गवताचा पहिला नमुना आला तेव्हा ते रकाने भरूनच त्याला क्रमांक दिला गेला, आणि दुपारी अडीचपर्यंत तो मेजावर तसाच ठेवला होता.